गाव सोडणाऱ्या आईसाठी पुस्तकं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेल्याला वर्ष होत आलं. वावर मक्त्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिलंय. आई आर्वीकडच्या गावात एकटी राहते. तिला नागपूरला आणायचं ठरलं आहे, पण ती एक दिवस हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी नाही. विचारणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. शरद ऋतू, बदल आणि सोडून देणं या विषयांवरच्या इंग्रजी पुस्तकांच्या याद्या त्यांनी पाहिल्या, पण त्यातलं आईला काय द्यावं ते कळेना. आपल्या भागातल्या माणसाला लागू पडतील अशी पुस्तकं त्यांना हवी आहेत, आईसाठी आणि स्वतःसाठीही. शिवाय वडिलांच्या पुस्तकांचं काय करायचं, तेही विचारलं आहे.

ताई, खेड्यातलं वाचनालय सांभाळताना हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो, फक्त असा नीट मांडून कोणी विचारत नाही. "मायसाठी काही द्या ना भाऊ, तिचं मनच लागत नाही," असं म्हणून लोक कपाटापुढे उभे राहतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो, तुम्हालाही सांगतो. "सोडा, विसरा, पुढे चला" असं सांगणारं पुस्तक देऊ नका. सोडावं लागणार आहे हे त्या बाईला तुमच्या-माझ्याआधी कळलेलं असतं. सल राहतो तो वेगळा. जे सुटणार आहे त्याची कोणी नीट दखलच घेतली नाही, याचा. विहीर कोणत्या साली खोदली, परसातलं सीताफळ कोणी लावलं, ओसरीवरची बाज कोणाची, हे कोणीतरी बसून ऐकावं असं तिला वाटत असतं. म्हणून सुटणाऱ्या गोष्टींची नावं घेत, सावकाश मोजदाद करत जाणारी पुस्तकंच मी काढून देतो. खाली सांगितलेली सगळी त्याच मापानं निवडलेली आहेत.

आधी ऋतूचा घोळ मिटवू. त्या याद्यांमधला शरद थंड मुलखातला. तिकडे दिवस आखडत जातात, मेपल आणि ओकची पानं तांबडी होऊन गळतात, मागून बर्फ येतो. त्यामुळे तिकडच्या लिहिणाऱ्यांना शरद म्हटलं की अखेर आठवते. आपल्याकडे अश्विन-कार्तिकात अखेरीचा विचार करायला कोणाला सवड असते? सोयाबीन मळणीयंत्राशी आलेलं असतं, सीतादहीची पूजा करून कपाशीची पहिली वेचणी लागलेली असते, ऑक्टोबरचं ऊन आणि भाव काय निघतो याचा घोर, दोन्ही डोक्यावर. पोरी भुलाबाईची गाणी म्हणत, झाकलेली खिरापत ओळखत घरोघर फिरतात. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तसुद्धा शरद काशाच्या फुलांचं वस्त्र नेसून नव्या नवरीसारखी येते. आणि मराठी वाचकाचा शरद म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या दिवसांत आपण फराळासोबत वाचतो, सुतक धरून वाचत नाही.

आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. ती थंडीपेक्षा पाण्याच्या ताणानं होते. जमिनीतली ओल उतरली की साग, धावडा, मोह पानं टाकायला लागतात, म्हणजे पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं. पण झाड पान तसंच टाकून देत नाही. त्यातलं नत्र, स्फुरद जेवढं घेता येईल तेवढं आधी परत ओढून घेतं, मग देठाशी एक थर धरतो आणि पान सुटतं. नेमक्या याच दिवसांत पळस पेटल्यासारखा फुलतो, आणि पाठोपाठ मोहाची फुलं पडायला लागतात, बाया पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात. त्यामुळे आपल्याकडे गळणं आणि फुलणं यांच्यामधे बर्फाचे महिने नसतात. हे मी झाडाचा आदर्श ठेवा म्हणून सांगत नाही, त्या प्रकारच्या सुविचारांचा मला कंटाळा आहे. सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. आईला पुस्तक द्यायचं आणि घराचं बोलायचं, तर दिवाळीत काढू नका. तूर घरी आली, कपाशीची उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर, बांधावर रचली, की वावर मोकळं दिसायला लागतं. मक्त्यानं दिलं असलं तरी तिची नजर त्याच वावरावर असणार. तेव्हा ती स्वतःहून बोलायला लागेल.

पहिलं पुस्तक दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख. दुर्गाबाई तरुणपणी मध्य प्रांतातल्या आदिवासी मुलखात संशोधनासाठी फिरल्या, तिथे विषबाधा झाली, कित्येक वर्षं आजारपणात गेली आणि डॉक्टरेट राहून गेली. त्याची कुरकुर या पुस्तकात कुठे नाही. झाडाला पालवी कशी येते, तिचा रंग आज काय होता आणि उद्या काय, हे त्या इतक्या बारकाईनं सांगतात की वाचणारा उठून बाहेर बघतो. आईला हे पहिल्या पानापासून देऊ नका. जो महिना चालू असेल तोच लेख काढा. आमच्याकडे एका आजीबाईंना त्यांची नात वाचून दाखवायची. आजी मधेच थांबवायच्या, "आपल्याकडं असं नाही होत. इथं तो इतक्यात फुलत नाही, होळीच्या मागून फुलते." आणि मग आपल्या धुऱ्यावरच्या झाडाचा पूर्ण इतिहास. नात कंटाळून मला म्हणाली, पुस्तक पुढेच जात नाही. मी म्हटलं, जाऊ नको देऊ. आजीबाई दुर्गाबाईंशी भांडत भांडत आपल्या वावराची एकेक गोष्ट सांगत होत्या. वर्षभर घरात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पुस्तक परत आलं तेव्हा वैशाखाच्या पानांवर हळदीची बोटं होती. पुस्तकात दिसणारी झाडं बरीचशी पश्चिमेकडची आहेत, आपल्या सागबनाचा हिशेब त्यात जुळत नाही, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं.

दुसरं नाव मारुती चितमपल्ली. माणूस मूळ सोलापूरचा, पण वनखात्याच्या नोकरीत आपल्या भागात मुरला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची खरी शाळा. आईला 'पक्षी जाय दिगंतरा' किंवा 'रानवाटा' द्या. छोटे लेख आहेत, एका बैठकीत एक संपतो. तळ्यावर थंडीत येणारी बदकं उन्हं चढली की निघून जातात, आणि तळं तिथेच असतं. हे आईला समजावून सांगायची गरज नाही, आपल्या भागात मालगुजारी तलाव पाहिलेल्या कोणालाही ते ठाऊक असतं. तुम्ही स्वतः त्यांचं आत्मचरित्र 'चकवा चांदण' वाचा. जाडजूड आहे, मधे मधे पसरतं, पण नोकरी, बदल्या, माणसं आणि रानं एकामागून एक मागे पडत जातात ती कशी, ते त्यात आहे. इतकी वर्षं विदर्भात काढून उतारवयात ते सोलापूरला परतले आणि जून २०२५ मध्ये तिथेच गेले.

तिसरं पुस्तक ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते ३६ या काळात भागाभागानं आलेलं. दुःखातल्या बाईला लोक दुःखाची पुस्तकं देतात, ते मला पटत नाही. वर्षभर तिनं तेच केलेलं असतं. 'स्मृतिचित्रे' हसवतं. आणि तरी त्यात सुटण्याचा हिशेब केवढा मोठा आहे बघा. सोवळ्याचं वेड लागलेल्या वडिलांच्या घरातून बाई निघते, नवरा कधी कुठे निघून जाईल आणि हातातलं काय कोणाला देऊन टाकेल याचा भरवसा नाही, मग १८९५ साली तो ख्रिस्ती होतो. घर, जात, माहेर सगळं एका फटक्यात तुटतं. पाच वर्षांनी ती स्वतः त्याच वाटेनं जाते. शाळेत न गेलेल्या बाईनं हे सगळं स्वतःवर हसत, कोणावर दात न धरता लिहिलं आहे. आपल्या नवऱ्यानं कोणाकोणाला उसने पैसे दिले आणि परत आले नाहीत, हा विषय विदर्भातल्या कोणत्याही घरात निघू शकतो. तुमच्या आईनं तो काढला तर अडवू नका. गेलेल्या माणसाबद्दल वर्षभर फक्त चांगलंच बोलावं लागलं की जीव घुसमटतो. लक्ष्मीबाई ती वाट मोकळी करून देतात.

आता तुमच्यासाठी. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' शाळेत असताना वाचलं असेलच, पुन्हा वाचा. १९५५ चं पुस्तक, माणदेशातलं, म्हणजे आपल्यापासून लांबचं. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा बसवतो, गाव मिळून तालीम बांधतं. मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. पहिल्यांदा वाचताना आपण मास्तरच्या नजरेनं वाचतो. आता वाडीतून निघणाऱ्यांकडे बघा. ती माणसं रडत बसत नाहीत, सामान आवरतात. माडगूळकरही त्यांच्यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

गो. नी. दांडेकर जन्मानं परतवाड्याचे, म्हणून आपल्याकडे त्यांचा हक्कानं खप. त्यांचं 'माचीवरला बुधा' मात्र आईच्या हाती लागू देऊ नका, हे थोडं हसत सांगतो. मुंबईत राहिलेला म्हातारा सगळं सोडून राजमाचीवर एकटा राहायला परततो, अशी ती गोष्ट. तुमच्या आईला तुमच्याविरुद्ध आयता वकील मिळेल. तुम्ही मात्र जरूर वाचा. नागपूरच्या फ्लॅटमध्ये तिला काय मिळणार नाही, त्याची यादी तुम्हाला त्यात सापडेल. त्यातलं एखाद-दुसरं तरी देता येईल का बघा. सकाळी दारात बसायला जागा, हाताला माती.

भावंडं असतील आणि घर-जमिनीचं बोलणं व्हायचं असेल तर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' सगळ्यांनी वाचावं, शक्यतो बोलणी सुरू होण्याआधी. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, नाटक १९८५ चं, आणि त्यातलं धरणगाव तुम्हाला तुमच्याच तालुक्यातलं वाटेल. घरातला कर्ता गेला आहे. मुंबईचा मुलगा-सून आले आहेत. तेरवी कशी करायची, खर्च कुठून आणायचा, दागिने कोणाकडे, वाड्याचं काय. एकमेकांवर माया असलेली माणसं बोलता बोलता कुठे जाऊन पोचतात ते बघा. आणि दारात तो ट्रॅक्टर. हौसेनं घेतलेला, बंद पडलेला, गंजत उभा. कोणी तो विकत नाही, कोणी चालवत नाही. प्रत्येक घरात असा एक ट्रॅक्टर असतो. तुमच्या घरात तो मोडकी बंडी असेल, धान्याचा रिकामा ढोला असेल, किंवा बाबांची न चालणारी मोटारसायकल. वाटणीच्या बैठकीत भांडण जमिनीवरून होतं असं आपण समजतो, पण मी पाहिलेली बरीच भांडणं अशा वस्तूवरून पेटलेली आहेत. तिचं काय करायचं ते आधी ठरवा. पुढचे दोन भाग, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', नंतर सवडीनं.

इंग्रजी तुम्ही वाचताच. त्या यादीतून मी दोनच ठेवीन. जोन डिडियनचं 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग', २००५ चं. नवरा गेल्यावर ही बाई त्याचे कपडे देऊन टाकते, पण जोडे देता येत नाहीत, कारण तो परत आला तर त्याला लागतील. आपण असा विचार करतो आहोत हे तिला कळतं, आणि तरी जोडे राहतातच. तुमच्या आईनं बाबांची काठी किंवा टॉर्च दाराआड तशीच ठेवली असेल आणि तुम्ही ती हलवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. दुसरं बाशो या जपानी कवीचं प्रवासवर्णन, 'ओकु नो होसोमिची'. १६८९ चा प्रवास, वसंतात निघून शरदात ओगाकी या गावी संपतो, म्हणजे तुमच्या शरदाच्या यादीतही बसतो. मला त्यातली सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. निघण्याआधी तो आपली झोपडी दुसऱ्यांना देऊन टाकतो, आणि जाताना एक कविता खांबाला लावून ठेवतो. आता या घरात दुसरं कुटुंब येईल, सणाच्या बाहुल्या मांडल्या जातील, असा तिचा आशय. तुम्ही घर भाड्यानं देणार असाल तर मुलीबाळी असलेलं बिऱ्हाड बघा. ज्या ओसरीवर आपण भुलाबाई मांडली तिथे पुन्हा कोणीतरी मांडतंय, हे आईला फोनवर सांगता येईल.

विनोबांची 'गीताप्रवचने' आणि तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' वर्धा-अमरावतीकडच्या घरात असतातच, तुमच्याकडेही असतील. 'गीताप्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतली. शेवटच्या प्रवचनात फलत्यागाचा विषय आहे, अतिशय सोप्या भाषेत. आई स्वतः काढून वाचत असेल तर फारच छान. पण खूण घालून तुम्ही तिच्यापुढे ठेवलंत, तर ते पुस्तक न राहता निरोप होतो. विनोबांच्या तोंडून आपण आईला गप्प करू नये.

काही पुस्तकं सध्या बाजूला ठेवा. उद्धव शेळक्यांचं 'धग' (१९६०) आपल्या भागातलं फार मोठं पुस्तक, वऱ्हाडी बोली त्यात आहे तशी दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण कौतिकची फरफट पहिल्या वर्षात सोसत नाही. ग्रेसच्या कविता संध्याकाळी एकट्यानं वाचायच्या, त्या कोणासाठी सुचवायच्या नसतात. आणि छोट्या छोट्या प्रकरणांची, चौकटीत सुविचार छापलेली जी पुस्तकं सध्या बसस्टँडवर मिळतात, ती मी आणत नाही.

वाचायची रीतही सांगतो. आईला मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. पुष्कळ बायकांचं "मले नाही वाचाचं आता" हे डोळ्यांचं असतं, मनाचं नसतं. दुपारचं जेवण आटोपल्यावरची वेळ बरी. संध्याकाळी दिवेलागणीला नको, ती वेळ तशीही जड जाते. दोन-तीन पानं पुरे. तुम्ही नागपूरला असाल तर फोनवर वाचून दाखवा, चालतं. ती मधेच आपलं काही सांगायला लागली की पुस्तक मिटा. घरातल्या वस्तूंची नावं, कोणी दिली, कधी आणली, हे ती सांगेल तसं एका वहीत लिहून घ्या. नातवंडांना बसवा लिहायला, तीही सुटीत रिकामीच असतात. सगळं लिहून झालं की ती गाव सोडायला तयार होईल, असं वचन मी देत नाही. कदाचित ती म्हणेल, चार महिने तिकडे आणि वेचणीला इकडे. तेही चालवून घ्या, मक्तेदारावर नजर ठेवणारं माणूस तुम्हाला हवंच आहे.

वडिलांची पुस्तकं. एकदम पोत्यात भरून आणू नका. आईला सोबत बसवून एकेक पुस्तक उघडा, झटका आणि पानं चाळा. पुस्तकात ठेवलेलं काय काय निघतं ते आम्हाला विचारा. सातबाऱ्याच्या नकला, १९७२ नंतरच्या, सरकारनंच कापूस घ्यायच्या एकाधिकार योजनेतल्या पावत्या, एसटीची तिकिटं, उसनवारीच्या चिठ्ठ्या, आणि कधी असं पत्र की जे आम्ही वाचायला नको असतं. पहिल्या पानावर त्यांची सही, समासात त्यांची अक्षरं असतील ती पुस्तकं घरीच ठेवा. एकदा ती आमच्या दाखल रजिस्टरात चढली, शिक्का पडला, की सार्वजनिक होतात आणि परत मागता येत नाहीत. पोथ्या आणि पंचांगं आम्ही घेत नाही, त्या देवळात विचारा. जुनी क्रमिक पुस्तकं आणि गाइडं रद्दीत गेली तरी हरकत नाही. वाळवी लागलेलं एकही पुस्तक इतरांसोबत बांधू नका, कपाटाचं कपाट जातं. उन्हात दोन दिवस द्या, मग बघू. कादंबऱ्या, शेतीची पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक मात्र आनंदानं घेतो, आणि यादी करून आणलीत तर दोन प्रती करा. एकीवर आमची पोच घेऊन ती आईकडे द्या.